मागच्या खोलीची भिंत

“एकदम आत जाऊ नकोस. आधी इथूनच बघ,” शालन म्हणाली आणि तिने दारावरचा पडदा बाजूला सारला.

खोली लांबट होती. समोरच्या भिंतीत बरीच वर एक गजांची खिडकी होती, तेवढाच काय तो उजेड. त्या खिडकीखाली भिंतीला पाठ लावून कुणीतरी बसलं होतं. डोकं, उतरते खांदे, खाली पसरलेली बैठक. मी नमस्कारासाठी हात जोडले, इतकं ते माणूस वाटत होतं.

“काय करतेस?” शालनने माझं मनगट धरलं. “तिथं कुणी नाही.”

डोळे सरावले तेव्हा कळलं, तो डाग होता. काळाभोर, मखमलीसारखा, भिंतीवर उठून आलेला. आणि एका खांद्याच्या वर, मध्ये कोरी भिंत सोडून, एक काळा पट्टा भिंतीवरून वर वर चढत थेट खिडकीच्या चौकटीपर्यंत गेला होता. वर केलेल्या हातासारखा. पण माणसाचा हात एवढा लांब नसतो.

उंबऱ्यावर हळदीकुंकू सांडलेलं होतं. जास्वंदीची फुलं होती. नारळाची एक वाटी पालथी पडली होती.

“बायका येतात रोज दुपारी,” शालन म्हणाली. “देवी प्रगटली म्हणतात. हात वर करून आशीर्वाद देतेय म्हणे. मला विचारशील तर मला ती आशीर्वाद देताना दिसत नाही.”

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. मी तेव्हा रत्नागिरीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि खोबऱ्यावर, सुपारीवर येणाऱ्या बुरशीवर पीएच.डी. करत होते. शालन माझी कॉलेजातली वर्गमैत्रीण. दुसऱ्या वर्षाला असतानाच तिचं लग्न झालं आणि ती खाडीकाठच्या या गावात आली. गावाचं नाव मी सांगत नाही. सासरे दत्ताराम विचारे, सगळे त्यांना अप्पा म्हणत. लाकडाची वखार, नारळाची बाग, गावात शब्दाला वजन. सासूबाई जाऊन काही वर्षं झाली होती. नवरा जहाजावर नोकरीला, आठ-आठ महिने समुद्रात.

त्या वर्षी खाडीचं पाणी गावात शिरलं. विचाऱ्यांच्या घरात कंबरेएवढं चढलं. मागच्या खोलीत भाताची पोती असायची, भिंतीला लावून पार वरपर्यंत रचलेली. ती भिजली, कुजली, गडीमाणसांनी बाहेर काढली. चार-पाच दिवसांत त्या मोकळ्या भिंतीवर हे उगवलं. अप्पांनी वरून डिस्टेंपर मारून घेतला. ते पुन्हा आलं. परत मारला. त्यातूनही आलं, आणि जास्त दाट आलं. तेव्हा शालनने माझ्या कॉलेजच्या ऑफिसात फोन केला आणि मी सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी मांडीवर घेऊन एस.टी.ने गाव गाठलं.

संध्याकाळी ओटीवर चहा घेताना अप्पांची भेट झाली. उंच, ताठ म्हातारा. कपाळावर बुक्का, अंगात पांढरा शर्ट.

“शालनची मैत्रीण म्हणजे तुम्ही घरच्याच,” ते म्हणाले. “काय ते औषध असेल ते मारा आणि एकदाची घालवा ती घाण. गावच्या बायांनी उच्छाद मांडलाय.”

“उद्या उजेडात बघते, अप्पा. कुठली बुरशी आहे ते कळायला हवं आधी.”

“कुठली का असेना. कोठीची खोली ती. भाताची. तिथं कधी कुणी राहिलेलं नाही.”

मी ते विचारलंही नव्हतं.

तेवढ्यात शालनची मुलगी वीणा येऊन आईच्या मांडीवर बसली. पहिलीत होती. सडसडीत, मोठ्या डोळ्यांची. कपाळावर एक ताजी खोक होती, तिच्यावर हळद भरलेली. मी विचारलं, “पडलीस का गं?” तिने आईकडे पाहिलं. शालनने अप्पांकडे पाहिलं. अप्पा उठून आत गेले.

मग शालनने सगळं सांगितलं. चैत्रापासून वीणाला आकडी येऊ लागली होती. एकदा शाळेत आली, बाईंनी घरी आणून सोडलं. अप्पांनी त्या दिवसापासून शाळा बंद केली.

“मी म्हणते मिरजेला नेऊन दाखवू. तर म्हणतात, बभ्रा कशाला? पुढे पोरीचं लग्न व्हायचंय. नणंदेची मुलगी लग्नाची आहे, तिचं मोडेल. घरातच ठेवायची, कुणाच्या नजरेला पडू द्यायची नाही.” तिचा आवाज खाली आला. “मागची खोली तिच्यासाठीच साफ करून घेत होते गं. पोती काढली ती काही परत लावायची नव्हती. म्हणाले, गार असते, पोर शांत राहील.”

“आणि रमाकांतराव?” मी तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं.

“पत्राला उत्तर यायला महिना लागतो. आलं तरी त्यात काय असणार? अप्पांच्या शब्दाबाहेर हा माणूस कधी गेलेला नाही.”

सकाळी पुन्हा खोलीत गेले तेव्हा मी बोटं मोजली. आदल्या दिवशी त्या वर गेलेल्या हाताच्या टोकाला मला चार बोटं दिसली होती. आता पाच होती. पाचवं बोट अंगठ्यासारखं बाजूला फुटलेलं, चौकटीवर टेकलेलं.

“काल नव्हतं ना?” शालन माझ्या मागून म्हणाली. “रोज काहीतरी नवं येतं. म्हणूनच बायका येतात.”

मी सेलोटेपचा तुकडा त्या काळ्या मखमलीवर हलकेच टेकवला, काचपट्टीवर चिकटवला आणि सूक्ष्मदर्शक मागीलदारी उजेडात मांडला. आरसा फिरवून प्रकाश धरला, भिंग खाली आणलं, आणि कालपासून भरकटलेलं माझं मन ताळ्यावर आलं. ओळखीचं जग होतं ते. मी शालनला जागा दिली.

“बघ. देठ दिसतात?”

“दिसतात. काचेच्या नळ्यांसारखे.”

“प्रत्येक देठ एका जाड बुडाच्या पेशीतून निघतो. ती पेशी खाली अन्नात पाय रोवून असते. देठ तिथून सरळ हवेत चढतो आणि टोकाला फुगतो. मग त्या फुगलेल्या डोक्यावर सगळ्या बाजूंनी बारीक पेशी फुटतात, त्यातल्या टोकाच्या पेशी बाटलीच्या आकाराच्या. कदंबाचं फूल कसं चारी बाजूंनी फुललेलं असतं, तसं.”

“आणि बाटल्यांच्या तोंडाला माळा आहेत.”

“तेच बीजाणू. बाटलीच्या आत केंद्रक दुभंगतं. एक आत राहतं, दुसरं तोंडाशी सरकतं. तोंडाशी टेंगूळ येतं, त्यात ते शिरतं, आणि मध्ये पडदा धरला की आतलं आणि बाहेरचं वेगळं होतं. पण पहिला बीजाणू सुटून जात नाही. त्याच तोंडातून दुसरा येतो आणि त्याला पुढे ढकलतो. मग तिसरा. अशी माळ.”

“म्हणजे टोकाचा सगळ्यांत जुना.”

“हो. आईला चिकटलेला तो सगळ्यांत नवा. नवा असतो तेव्हा मऊ असतो, रंग नसतो त्याला. पुढे सरकताना कवच जाड होतं, त्यावर खरबरीत दाणे येतात, काळा रंग भरतो. आतलं पाणी आटतं. सगळा व्यवहार मंदावत जातो, श्वाससुद्धा जवळजवळ थांबतो.”

“मरतो?”

“नाही. थांबून राहतो. वर्षानुवर्षं राहू शकतो. ओल मिळाली, खायला मिळालं की फुगतो, कवच फुटतं आणि आतून पांढरा तंतू बाहेर पडतो.”

शालनने भिंगावरून डोळा काढला नाही. “मग ते बोट?”

“ते आधीपासूनच तिथे होतं. पांढऱ्या तंतूंचं होतं म्हणून पांढऱ्या भिंतीवर दिसलं नाही. त्याच्यावरची डोकी पिकली, बीजाणू काळे झाले, आणि आपल्याला दिसलं. देवीबिवी काही नाही.”

ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “ठीक आहे. पण मग तिथेच का?”

हाच प्रश्न मलाही टोचत होता. बीजाणू तर हवेत सगळीकडे असतात. त्या खोलीच्या चारही भिंतींवर ते सारखेच बसले असणार. पुराचं पाणी चारही भिंतींना सारखंच लागलं होतं, ओल अजून छपरापर्यंत चढत होती. तरी बाकीच्या तीन भिंतींवर चुना जसाच्या तसा होता. कोऱ्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही. या एका भिंतीवरच चुन्याचे पापुद्रे सुटले होते आणि तेही नेमके त्या आकारापुरते. जणू चुना लावण्याआधीच तिथं काहीतरी होतं आणि त्यानं चुन्याला कधी धरूच दिलं नव्हतं.

मी खोलीत जाऊन डोक्याच्या जागी चाकूने भिंत खरवडली. काळ्या थराखाली पिवळट, मेणचट गिलावा लागला. बोटावर घेऊन वास घेतला. हा वास मी रोज प्रयोगशाळेत घेत होते. खवट झालेलं खोबरं.

“शालन, हे खोबरेल तेल आहे. गिलाव्यात चांगलं बोटभर मुरलंय. बुरशी त्याच्यावर जगतेय.”

“भाताच्या खोलीत तेल कुठलं?”

“पोत्यांना तेल नसतं,” मी म्हणाले आणि बोलता बोलताच थांबले. खरवडलेली जागा माझ्या कमरेच्याही खाली होती. खाली बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तिथे. आमच्या घरी आजोबांच्या आरामखुर्चीच्या पाठीला असाच तेलाचा गोल पडला होता. पण कापडाला डाग पडणं वेगळं आणि गिलाव्यात बोटभर तेल मुरणं वेगळं. त्याला किती दिवस टेकून बसावं लागेल?

शालन माझ्या तोंडाकडे बघत होती.

वीणा कधी आत आली ते आम्हाला कळलं नाही. बघितलं तेव्हा ती भिंतीशी होती, त्या लांब हाताच्या खाली. टाचा उचलून, डोक्यावर हात ताणून ती त्या काळ्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला काहीतरी लावून बघत होती.

“वीणा, हात लावू नको त्याला!” मी ओरडले.

“आई, बघ ना,” ती मागे न बघताच म्हणाली, “हिचा हात माझ्याएवढाच आहे.”

तिचा तळवा भिंतीवर होता. त्याच्या कडेने काळं काही दिसत नव्हतं. बोटाला बोट, अंगठ्याला अंगठा. तंतोतंत.

मी जवळ गेले. इतका वेळ जो एक हात म्हणून मी पाहत होते तो हात नव्हताच. तेलकट तळव्यांची रांग होती ती. एकावर एक, एकात एक मिसळलेली. वीणाच्या हाताखालचा सगळ्यांत लहान. त्याच्या वर जरा मोठा. त्याच्या वर आणखी मोठा. खिडकीकडे जाताना बोटं लांबत गेली होती, पंजा रुंदावत गेला होता. आणि सगळ्यांत वर, चौकटीवर टेकलेला, बाईमाणसाचा पूर्ण वाढलेला हात.

कुणीतरी इथे उभं राहत होतं. भिंतीला हात लावून, टाचा उंचावून, त्या खिडकीपर्यंत पोचू बघत होतं. आणि तसं करता करताच मोठं होत होतं.

“शेवंती! हात काढ तिथला!”

अप्पा दारात उभे होते. वीणाने हात काढला आणि इकडेतिकडे पाहिलं, त्यांनी कुणाला हाक मारली ते बघायला. तिचा तळवा काळा झाला होता. शालनने तिला ओढून पोटाशी धरलं.

“शेवंती कोण, अप्पा?”

अप्पांनी दाराच्या चौकटीला धरलं. मग चौकट धरूनच हळूहळू खाली, उंबऱ्यावर, त्या हळदीकुंकवातच बसले.

“कोण शेवंती?”

“माझी बहीण,” ते म्हणाले. “माझ्या पाठची. हिच्याएवढी असताना आकडी सुरू झाली.”

ते सावकाश बोलले, आमच्याकडे न बघता. दोन मोठ्या बहिणी लग्नाच्या होत्या. वडील म्हणाले, तेवढी लग्नं होईपर्यंत शेवंतीला मागच्या खोलीत ठेवू. गावात सांगितलं, मावशीकडे पाठवली. लोक विचारायला लागले तेव्हा सांगितलं, तिकडेच तापानं गेली. लग्नं पार पडली. मग तिला बाहेर काढायचं तर मेलेली पोर परत कुठून आली, ते काय सांगणार? म्हणून राहिली ती आतच, शेवटपर्यंत.

“जेवण मी न्यायचो,” अप्पा म्हणाले. “आई सकाळी जायची. वेणी घालायची तिची. तेल लावायची चोपून. बाकी काही करता येत नव्हतं तिला, तर तेल लावायची.”

“ती किती वर्षं होती इथं?” मी विचारलं.

“कुणी मोजली नाहीत.” मग उंबऱ्यावरचं कुंकू बोटानं सारत, “एकदा मला म्हणाली, दादा, आता मला आंब्याचा शेंडा दिसतो. मला कळलं नाही काय म्हणते ते. मी ताट ठेवून गेलो.”

शालन वळली. तिच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर मला बरं वाटलं असतं. तिथे काहीच नव्हतं. वीणाचा हात धरून ती उंबऱ्याशी आली. अप्पांना ओलांडल्याशिवाय बाहेर जाता येत नव्हतं.

“सरका, अप्पा.”

“सूनबाई, मी हिच्यासाठी तसं...”

“सरका. आम्हाला एस.टी. गाठायचीय.”

ते सरकले.

शालनने पिशवीत दोघींचे कपडे कोंबले, गळ्यातलं सोडून बाकीचे दागिने देव्हाऱ्यासमोर ठेवले, आणि वीणाचा हात आधी साबणाने, मग राखेने, मग पुन्हा साबणाने धुतला. रेषांमधला काळा रंग काही पूर्ण गेला नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी पोरीला गोळ्या सुरू केल्या. वर्षभरात आकडी कमी झाली, पुढे थांबली. रमाकांतराव जहाजावरून उतरले ते आधी वडिलांकडे गेले आणि मग, सगळ्यांना वाटलं होतं त्याच्या उलट, मिरजेला बायकोमुलीकडे आले आणि तिथेच राहिले. वीणा आज दोन मुलांची आई आहे. तिला त्या खोलीतलं काही आठवत नाही, आणि आम्ही दोघींनी कधी तो विषय काढला नाही.

पण त्या दुपारी आम्ही पिशव्या घेऊन ओटीवर आलो तेव्हा बायका अंगणात आल्या होत्या. रोजच्यासारख्याच. कुणाच्या हातात फुलं, कुणाच्या तांब्यात दूध. पुढे एक वाकलेली म्हातारी होती, अप्पांच्याच वयाची, नारळ छातीशी धरून.

अप्पा आतून आले. शर्टाला मागून हळदीकुंकू लागलेलं होतं. ते ओटीच्या पायरीवर वाट अडवून उभे राहिले.

“आत जाऊ नका,” ते म्हणाले. “ती देवी नाही.”

“असं कसं बोलता, अप्पा?”

“माझी बहीण आहे ती. शेवंती.”

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. म्हातारीने नारळ खाली घेतला. डोळे बारीक करून ती त्यांच्याकडे बघत राहिली.

“दत्तू, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? शेवंती माझ्यासोबत खेळायची. एवढीशी होती. तापानं गेली ना ती, तुझ्या मावशीकडे?”

शालनने माझा हात घट्ट धरला. खाली रस्त्यावर एस.टी.चा आवाज येत होता, पण आम्ही हललो नाही.

“नाही गेली,” अप्पा म्हणाले. “माझ्या लग्नाला होती. बाहेर वाजंत्री वाजत होती आणि ती आतून भिंतीवर हातानं ठेका धरत होती. अंतरपाटाआड उभा होतो मी. मला ऐकू येत होतं.”